आपोआप

मंगळवारी रात्री दीड वाजता
फोन स्वतःच बंद झाला, स्वतःच चालू झाला,
आणि सकाळी म्हणाला, अभिनंदन,
तुमचा फोन आता अधिक चांगला आहे.
मी विचारलं नव्हतं.

सेटिंग, मग सिम, मग अंगठा खाली खाली.
जिथं लिहिलेलं असायचं
‘प्राधान्य दिलेला नेटवर्क प्रकार’
(नाव सरकारी जीआरसारखं, पण कामाचं)
तिथं आता काहीच नाही.
रिकामी जागासुद्धा नाही.
खालची ओळ वर सरकून बसलीय,
सिडकोच्या बैठ्या घरात
शेजाऱ्यानं ओटा पुढं ओढून घ्यावा तशी.

मी लिफ्टवाला. घणसोली ते कोपरखैरणे
एकवीस सोसायट्या, चौतीस लिफ्टी.
माझं अर्धं आयुष्य खड्ड्यात गेलं,
म्हणजे खरोखरच्या खड्ड्यात,
तळमजल्याच्या खाली, जिथं
ग्रीस, उंदीर आणि मुलांच्या हरवलेल्या चपला असतात.
तिथं फाइव्ह-जी येतं ते
एक दांडी दाखवतं आणि दांडी मारतं.
फोर-जी हळू, जुन्या वॉचमनसारखं खोकत,
पण जागेवर.
म्हणून तीन वर्षांपूर्वी मी एक टिंब निळं करून ठेवलं होतं:
फक्त फोर-जी.
एवढंच मागणं होतं माझं त्या यंत्राकडं.

गुरुवारी सेक्टर सातात, बी विंगमध्ये,
पाचव्या-सहाव्याच्या मध्ये टिळवेबाई अडकल्या.
हातात चक्कीवरून आणलेलं दळण.
मी ए विंगच्या खड्ड्यात.
त्या मला फोन करत होत्या,
आणि माझा फोन खिशात
फाइव्ह-जीला हाका मारत होता.
टिळवेबाईंना सहा वेळा ती दुसरी बाई भेटली,
जी प्रत्येकाला म्हणते
आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती.
चाळीस मिनिटांनी मी वर आलो, तेव्हा
सहाच्या सहा मिस्ड कॉल एकदम वाजले,
उशिरा आलेल्या नातेवाइकांसारखे.

वाशीच्या सर्व्हिस सेंटरात
केतकी नावाचा बिल्ला लावलेली मुलगी म्हणाली,
काका, ते आता आपोआप होतं.
कोणासाठी?
सगळ्यांसाठी, काका.
तिचा काय दोष.
तिचा स्वतःचा फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला,
कारण टेबलापाशी रेंज येत नव्हती.

आपोआपशी माझं वैर नाही.
वीज गेली की बॅटरी डबा जवळच्या मजल्यावर आणते,
दार उघडते. मीच बसवतो ती.
परवा टिळवेबाईंच्या वेळी तीच बसली होती
आपोआप रुसून.

तरी प्रत्येक मशीनरूममध्ये, मोटरशेजारी,
खिळ्याला टांगलेला असतो
पिवळ्या रंगाचा ब्रेकचा दांडा.
सहा-सहा वर्षं त्याला हात लागत नाही.
कोळी त्याच्यावर संसार थाटतो.
‘वापरात नाही’ म्हणून उद्या मी तो काढून नेला
तर इन्स्पेक्टर माझं लायसन काढेल,
आणि बरोबर करेल.

मशीनरूमच्या झरोक्यातून पारसिकचा डोंगर दिसतो,
डोंगरावर टॉवर, समोरासमोर,
दगड मारला तर लागेल इतका.
मी दांडा दाबला. इर्शादनं चाक धरलं.
डबा वीतभर उतरला. मग आणखी वीतभर.
पाचव्यावरून कुणी ओरडत होतं, अजून थोडं,
आणि ते ओरडणं जिन्यातून, माणसामाणसांतून
एकही शब्द न गळता वर येत होतं.
अजून. अजून. बस.

दार हातानं ओढलं.
टिळवेबाई म्हणाल्या, फोन बंद ठेवून खाली करता काय हो?
मी काय सांगणार.
दळणाची पिशवी धरली. गार झाली होती.
खिशातला फोन मात्र तापला होता,
अजून शोधत.